निष्कर्ष परिशिष्टात होता

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात दोन ईमेलच्या प्रती होत्या. एक जर्नलकडून आलेला नकार, दुसरी एका परिषदेत पंधरा मिनिटं बोलण्याच्या निमंत्रणाची. नकारासोबत दोन समीक्षकांचे अभिप्राय होते. पहिल्याचं म्हणणं, भाषा सुधारायला हवी. दुसऱ्यानं लिहिलं होतं, या निबंधातून नवं काय कळतं ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. पहिल्या अभिप्रायावर तिनं पिवळा हायलायटर फिरवला होता. दुसरा कोरा.

"मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे. व्याकरण तेवढं तपासून द्याल का?"

पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना लेखनात आणि सादरीकरणात मदत करणं हे माझं काम. ही विनंती इतक्यांदा ऐकली आहे की ती कानावर पडताच शंका येते: दुखतंय एकीकडे आणि बोट दुसरीकडे. तरी या वेळी मीही चुकले. पहिल्या भेटीत लाल पेन घेऊन बसले आणि निबंधाची पहिली दोन पानं वाक्यागणिक दुरुस्त करून दिली. ती खूश होऊन गेली. पुढे ती दोन्ही पानं आम्ही काढून टाकली. माझ्या दुरुस्तीतला एक शब्दही अंतिम मसुद्यात उरला नाही.

तिची ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत. निबंध इंग्रजीत होता, त्यातली वाक्यं मी मराठीत उतरवून देते आहे. आणि उतरवताना एक गोष्ट ध्यानात आली जी तेव्हाच यायला हवी होती: वाक्यांतला दोष मराठीतही जसाच्या तसा उतरतो. तो इंग्रजीचा असता तर भाषांतरात गळून पडला असता.

काम काय होतं

तिचा विषय मातीतला ओलावा मोजणारे स्वस्त सेन्सर. हे सेन्सर पाणी थेट मोजत नाहीत. विद्युतक्षेत्रात माती कशी वागते ते पाहून पाण्याचा अंदाज बांधतात. साधारण खोलीच्या तापमानाला पाण्याचा परावैद्युतांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप) 80 च्या आसपास असतो, कोरड्या मातीचा 3 ते 5, हवेचा 1. त्यामुळे मातीत थोडं पाणी वाढलं तरी आकडा ठळक हलतो. अडचण अशी की पाण्याचा हा गुणधर्म तापमानाबरोबर सरकतो आणि सेन्सरमधलं सर्किटही तापमानाला दाद देतं. मग उघड्यावर पुरलेल्या सेन्सरनं दुपारी जो बदल दाखवला, त्यात पाण्याचा वाटा किती आणि उन्हाचा किती?

तिनं सेन्सर मातीसकट हवाबंद डब्यांत घातले, डब्यांची वजनं केली आणि तापमान चढवत-उतरवत रीडिंग घेतलं. पाणी आत अडकलेलं, वजन जसंच्या तसं, तरी रीडिंग हलत होतं. भट्टीत वाळवलेल्या वाळूतही तिनं तोच प्रयोग केला. तिथेही हलत होतं. दोन वर्षांचं काम, नेटकं केलेलं.

हे मी वर तीन-चार वाक्यांत सांगितलं, पण मला स्वतःला ते निबंध वाचून कळलं नव्हतं. कळायला चार भेटी लागल्या.

एकतीस पानांची चिरफाड

दुसऱ्या भेटीत व्याकरण बाजूला ठेवलं. तिला म्हटलं, निबंधाची छापील प्रत घे आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात दोन गोष्टी लिही: हा परिच्छेद काय सांगतो, आणि तो इथे कशासाठी आहे. दोन्ही मिळून एका ओळीत मावलं पाहिजे. जिथे लिहिता येणार नाही तिथे प्रश्नचिन्ह. लिहून झाल्यावर मागून काढलेला हा आराखडा म्हणजे माझं सगळ्यात जुनं हत्यार. त्याचं काम विद्यार्थ्यानं स्वतः करायचं असतं. मी करून दिलं तर ती माझी समीक्षा होते, आणि समीक्षेला हे लोक सरावलेले असतात: मान डोलावतात आणि विसरतात.

ती परत आली तेव्हा समास प्रश्नचिन्हांनी भरला होता. प्रस्तावना सहा पानांची. सुरुवात पाणी ही अमूल्य संपत्ती आहे इथून, मग शेतीचं महत्त्व, मग सिंचनाचे प्रकार, मग सेन्सरचा इतिहास. 'तापमान' हा शब्द प्रथम पाचव्या पानावर, तोही एका लांब वाक्याच्या पोटात. कार्यपद्धतीत प्रयोग केलेल्या क्रमानं होते, फसलेले दोन प्रयोगही त्यात. बंद डब्यातला मुख्य निष्कर्ष एकोणिसाव्या पानावर, तिसऱ्या तक्त्याखाली. आणि वाळवलेल्या वाळूचा प्रयोग परिशिष्टात.

"हा क्रम कसा ठरवला?" मी विचारलं.

"तसंच घडलं ना, मॅडम."

घडलं तसं लिहिलं. प्रयोगवहीचा क्रम तोच निबंधाचा क्रम. प्रस्तावना, कार्यपद्धती, निष्पत्ती आणि चर्चा हा चार खणांचा साचा विसाव्या शतकात वैज्ञानिक नियतकालिकांत रुजला. मोठ्या वैद्यकीय जर्नलांत तर 1980 च्या दशकापर्यंत तोच एकमेव उरला. विद्यार्थ्यांना हे खण पाठ असतात. पण खण कशानं भरायचे आणि कोणत्या क्रमानं, हे साचा सांगत नाही. संशोधकाला जे ज्या क्रमानं सापडलं तो क्रम वाचकाच्या काही कामाचा नसतो. वाचकाला दावा हवा असतो आणि त्या दाव्यावर विश्वास ठेवायला पुरेल इतका पुरावा.

तिला हे दिसत का नव्हतं? 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी पीएचडीसाठी केलेला एक प्रयोग मी अशा वेळी सांगते. एकानं ओळखीच्या गाण्याचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. तिच्या डोक्यात दोन वर्षांचा सूर चालू होता. एकोणिसाव्या पानावरचा तक्ता पाहिला की तिला गाणं ऐकू यायचं. मला टकटक.

एक वाक्य, चार वेळा

मग मी मागितलं ते एक वाक्य: तुझ्या कामातून काय कळतं? विषय नको, उत्तर हवं.

पहिला प्रयत्न: "या अभ्यासात ओलावा-सेन्सरवर होणाऱ्या तापमानाच्या परिणामाचा अभ्यास करण्यात आला." यात दोनदा अभ्यास आहे आणि एकदाही निष्कर्ष नाही. (हे 'करण्यात आला' मराठी शोधनिबंधांतही मुक्कामाला आहे. कुणी केलं ते लपतं, आणि लिहिणाऱ्याला काही ठरवावंही लागत नाही.)

दुसरा: "तापमानाचा सेन्सरवर लक्षणीय परिणाम होतो." बरं, पण कोणत्या दिशेनं? कशाच्या तुलनेत लक्षणीय? हे तर आधीपासून माहीत आहे, असं कुणी म्हणालं तर? ती गप्प झाली. खरंच माहीत होतं. तिच्याच संदर्भसूचीत तसे निबंध होते. म्हणजे दुसऱ्या समीक्षकाचा प्रश्न आता पहिल्यांदा तिच्यासमोर उभा राहिला.

तिसऱ्या प्रयत्नात सगळंच आलं. सहा ओळी, तीन अर्धविराम. चौथा प्रयत्न मी करू दिला नाही. भेटींची वेळ संपत आली होती, परिषदेला पाच आठवडे उरले होते, आणि एका वाक्यापाशी अडून ती रडकुंडीला आली होती. म्हटलं, लिहिणं थांबव. पुढच्या आठवड्यात बोलून दाखव.

खरं सांगायचं तर ही काही ठरवून केलेली चाल नव्हती. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अडतीस स्लाइड

रंगीत तालमीला मी पाच जण जमवले. त्यांतल्या कुणाचंच मातीशी देणंघेणं नव्हतं: एक भाषाशास्त्राचा विद्यार्थी, दोघी रसायनशास्त्राच्या, एक संख्याशास्त्राची, एक ग्रंथालयातला सहकारी. त्यांना एकच सूचना: न कळल्यास हात वर करा, सौजन्य दाखवू नका.

तिच्याकडे अडतीस स्लाइड होत्या. पहिल्या स्लाइडवर शीर्षक, दुसरीवर अनुक्रमणिका, तिसरीवर पाण्याचा थेंब. पुढे प्रत्येक स्लाइडवर सहा-सात मुद्दे, निबंधातून उचललेले, आणि ती भिंतीकडे तोंड करून ते वाचत होती. पंधरा मिनिटं संपली तेव्हा ती चौदाव्या स्लाइडवर होती. कार्यपद्धती अजून चालू होती.

पडद्यावरचा मजकूर तसाच्या तसा वाचून दाखवला की समज वाढत नाही, उलट अडथळा होतो, हे रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यमी शिक्षणावरच्या संशोधनातून पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे. श्रोता वाचतो त्याच्या गतीनं, ऐकतो तुमच्या गतीनं, आणि दोन्हींचा मेळ घालण्यात दमतो. पण त्या दिवशी मी हे काही बोलले नाही, कारण संख्याशास्त्रवालीनं हात वर केला होता.

"डबा बंद आहे, वजन बदललं नाही, हे कळलं. पण डब्याच्या आत पाणी इकडून तिकडे सरकलं नसेल कशावरून? गरम बाजूकडून थंड बाजूकडे? मग सेन्सरजवळचा ओलावा खरंच बदलला असेल."

नेमका प्रश्न. निबंधाच्या एकाही समीक्षकाला तो पडला नव्हता, कारण ते तिथपर्यंत पोचलेच नव्हते.

ती लगेच म्हणाली, "नाही, कारण वाळवलेल्या वाळूतही रीडिंग हलतं. तिथे सरकायला पाणीच नाही."

"मग ते का नाही दाखवलंस?"

"ते परिशिष्टात आहे."

खोलीत कुणीतरी हसलं. तिलाही हसू आलं. मी फळ्यावर तिचं बोलणं लिहून घेतलं आणि खाली तारीख टाकली. आठवडाभर जे वाक्य कागदावर येत नव्हतं ते प्रश्नाला उत्तर देताना तोंडून निघून गेलं होतं. किंचित घासूनपुसून ते असं झालं: "या सेन्सरनं दाखवलेल्या रोजच्या चढउताराचा काही भाग पाण्याचा नसून सर्किटचा आहे, सरकायला पाणीच नसलेल्या वाळूतही तो दिसतो, आणि प्रत्येक सेन्सरचं वेगळं कॅलिब्रेशन केल्यास तो वजा करता येतो." (कॅलिब्रेशन म्हणजे माहीत असलेल्या मापाशी रीडिंग ताडून दुरुस्ती ठरवणं.)

यात काय खोटं ठरू शकतं ते दिसतं. दाव्याची माझी कसोटी एवढीच: समोरचा "नाही, असं नसेल" म्हणू शकला पाहिजे. "परिणामाचा अभ्यास करण्यात आला" याला कोण नाही म्हणणार?

तीन मिनिटं, मग पंधरा

पुढचा टप्पा तीन मिनिटांचा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं 2008 मध्ये एक स्पर्धा सुरू केली: संपूर्ण प्रबंध तीन मिनिटांत, एकच स्थिर स्लाइड, वेळ ओलांडली की बाद. आता ती जगभर होते. स्पर्धेतलं बक्षीस वगैरे ठीक, पण सराव म्हणून ती अटच उपयोगी. तीन मिनिटांत साहित्य आढावा, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, मावत नाही. फसलेला प्रयोग मावत नाही. मावतो फक्त प्रश्न, एक आलेख आणि उत्तर.

तिनं तीन मिनिटांची आवृत्ती घड्याळ लावून अकरा वेळा केली. ती जमल्यावर पंधरा मिनिटांचं भाषण अडतीस स्लाइड छाटून काढलं नाही, तीन मिनिटांच्या भाषणात भर घालून वाढवलं. या दोन वाटा वेगळ्या आहेत. छाटताना प्रत्येक स्लाइड जीव वाचवायला धडपडते, वाढवताना प्रत्येकीला आत येण्याचं कारण सांगावं लागतं. शेवटी नऊ स्लाइड झाल्या.

स्लाइडच्या मथळ्यांत आम्ही एक बदल केला. "निष्पत्ती", "निष्पत्ती (पुढे चालू)" असे मथळे जाऊन त्या जागी पूर्ण वाक्यं आली: "पाणी अडकलेलं असतानाही रीडिंग तापमानाबरोबर चढतं." खाली मुद्द्यांची यादी नाही, त्या वाक्याला आधार देणारा एकच आलेख. मायकेल अ‍ॅली यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ही रीत बरीच मांडली आहे. तिला ती सुरुवातीला उद्धट वाटली. "एवढं ठामपणे लिहायचं?" वाटणारच. मथळ्यात वाक्य लिहिलं की लपायला जागा राहत नाही.

मुद्द्यांच्या याद्यांवरचा माझा राग तिला जरा अतिच वाटत होता, म्हणून मी तिला कोलंबिया यानाची स्लाइड दाखवली. जानेवारी 2003 मध्ये यान अंतराळात असताना, उड्डाणावेळी पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्यानं किती नुकसान झालं असेल यावर अभियंत्यांनी नासाला सादरीकरण केलं. आदळलेला तुकडा अंदाजे 1920 घनइंचांचा, आणि चाचण्यांचा आधार घेतला जात होता त्या 3 घनइंचांच्या तुकड्यांच्या. ही तुलना स्लाइडच्या अगदी तळाशी, सगळ्यात आतल्या उपमुद्द्यात होती. 1 फेब्रुवारीला यान परतताना कोसळलं. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अपघाताचं कारण ती स्लाइड नव्हती, फोम होता. पण तांत्रिक अहवालांच्या जागी अशा स्लाइड वापरण्याच्या सवयीवर चौकशी मंडळानं त्याच वर्षी आपल्या अहवालात बोट ठेवलं. ती बराच वेळ त्या स्लाइडकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझं एकोणिसावं पान."

बाकीचे बदल किरकोळ. तिच्या आलेखात गरम-थंड दाखवायला लाल आणि हिरव्या रेषा होत्या. लाल-हिरवा रंगभेद न कळणारे लोक, विशेषतः पुरुष, कुठल्याही सभागृहात असू शकतात. रेषा निळी-नारिंगी केली, एक तुटक केली, आणि बाजूची रंगसूची काढून नाव रेषेच्याच टोकाला लिहिलं. अक्षांवरचे आकडे शेवटच्या रांगेतून वाचता येतात का ते स्वतः मागे जाऊन बघितलं. नव्हते येत.

पाठांतराचा मात्र तोटा झाला. तिनं नवं भाषण शब्दशः पाठ केलं, आणि दुसऱ्या तालमीत एक शब्द विसरल्यावर गाडी जी थांबली ती थांबलीच. मग पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक एवढंच पाठ ठेवलं. मधल्या प्रत्येक स्लाइडसाठी फक्त पुढच्या स्लाइडकडे नेणारा प्रश्न: "मग पाणी आतल्या आत सरकलं नसेल कशावरून?" हा प्रश्न आता ती स्वतःच विचारत होती, श्रोत्यांनी विचारण्याआधी.

पुन्हा कागदाकडे

भाषण उभं राहिल्यावर निबंध लिहायला बसणं अगदी वेगळं होतं. आधी चार आकृत्या ठरल्या, भाषणातल्याच. त्यांच्याभोवती निष्पत्ती लिहिली, मग त्या आकृत्यांना लागेल तेवढीच कार्यपद्धती, मग चर्चा, मग प्रस्तावना, सारांश सगळ्यात शेवटी.

प्रस्तावनेसाठी जॉन स्वेल्स यांची 1990 ची मांडणी वापरली. त्यांनी शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून तीन चाली ओळखल्या: आधी क्षेत्र उभं करायचं, मग त्यातली मोकळी जागा दाखवायची, मग ती जागा आपण कशी भरतो ते सांगायचं. तिच्या जुन्या सहा पानांत पहिली चाल साडेपाच पानं चालली होती आणि दुसरी नव्हतीच. नव्या प्रस्तावनेत दुसरी चाल अशी: तापमानाचा परिणाम नोंदवलेला आहे, पण तो पाण्याचा की सर्किटचा हे तिनं वाचलेल्या निबंधांत वेगळं काढलेलं नाही. "कुणीच केलेलं नाही" असं तिला लिहायचं होतं. तेवढं सगळं वाचलं आहेस का, असं विचारल्यावर वाक्य आपोआप नम्र झालं.

साहित्य आढाव्यात दोन परिच्छेद मला खटकले. शब्द बदललेले, पण वाक्यांची हाडं दुसऱ्याची. चोरीचा हेतू नव्हता. वाचलेलं पूर्ण पचलं नाही की माणूस ठिगळं लावतो. पण जर्नल हेतू विचारत नाही. उपाय एकच सांगितला: निबंध वाच, बंद कर, त्यानं काय दाखवलं ते मैत्रिणीला सांगितल्यासारखं लिही, मग उघडून तपास आणि संदर्भ दे. वीस ओळींच्या चार ओळी झाल्या.

आणि मग, सातव्या भेटीत, अखेर वाक्यं. 1990 मध्येच जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वान यांनी वैज्ञानिक लेखनावर एक लेख लिहिला होता. त्यांचं सूत्र असं: वाचक वाक्याच्या सुरुवातीला ओळखीची गोष्ट शोधतो आणि शेवटाला भार देतो, म्हणून जुनं आधी, नवं शेवटी. तिच्या मार्गदर्शकांनी समासात जागोजागी "फ्लो नाही" असं लिहिलं होतं. तो न सापडणारा फ्लो बहुतेक ठिकाणी एवढाच होता. इंग्रजीपुरतं हे सूत्र चालतं. मराठीत शेवटी क्रियापद बसलेलं असतं, म्हणून भार त्याच्या लगेच आधीच्या जागेवर पडतो: "रीडिंग सर्किटमुळे बदलतं" आणि "सर्किटमुळे रीडिंग बदलतं" यात दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी हे इंग्रजी पुस्तकांतून उचलू नये, आपल्या कानानं ठरवावं.

ठामपणाची मात्राही उलटी पडली होती. वाळूच्या प्रयोगाबद्दल, जिथे पुरावा पक्का होता, तिनं लिहिलं होतं: "कदाचित काही अंशी सर्किटचा प्रभाव असण्याची शक्यता नाकारता येत नाही." आणि शेतातल्या एकाच आठवड्याच्या नोंदींवरून: "यावरून सिद्ध होते." दोन्ही अदलाबदल करून घेतली. नवख्यांच्या लेखनात हे फार दिसतं. स्वतःच्या भक्कम पुराव्याची भीती वाटते आणि कच्च्या पुराव्याचा अभिमान.

सरांशी बोलणं

हा भाग मी टाळू शकले असते, पण विद्यार्थ्यांची अर्धी गाडी इथेच अडते. निबंध एकतीस पानांचा चौदा झाला तेव्हा तिचे मार्गदर्शक नाराज झाले. दोन वर्षांची मेहनत दिसायला नको का? फसलेले प्रयोग काढले तर परीक्षक विचारतील ना?

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, त्यांच्यासमोर वाचक दुसरा होता. प्रबंधाचे परीक्षक मेहनत तपासतात. जर्नलचा वाचक तपासत नाही, त्याला ती परवडतही नाही. तिला मी एवढंच सुचवलं की नवा मसुदा नुसता पाठवू नकोस; वर एक पान जोड. दावा एका वाक्यात, चार आकृत्यांची नावं, काय काढलं आणि ते प्रबंधाच्या कोणत्या प्रकरणात जाईल. शेवटी दोनच प्रश्न, ज्यांची उत्तरं सरांकडूनच हवीत. "सर, कसं वाटतंय?" असं विचारलं की "फ्लो नाही" असंच उत्तर येतं. "सर, दुसऱ्या आकृतीवरून पाणी सरकण्याची शक्यता पूर्ण बाद होते असं म्हणू का, की बरीचशी बाद होते म्हणू?" असं विचारल्यावर त्यांनी फोन करून अर्धा तास चर्चा केली. त्यांनी "बरीचशी" निवडलं. माझ्या मते ते बरोबर होतं.

परिषदेनंतर

परिषदेत ती ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा मिनिट जास्त बोलली. एका ज्येष्ठ संशोधकांनी विचारलं, खारट मातीत काय होईल? ती म्हणाली, "ते मी तपासलेलं नाही. क्षारांमुळे विद्युतवाहकता वाढते, त्यामुळे माझं कॅलिब्रेशन तिथे तसंच लागू पडेल असं मी म्हणणार नाही." तालमीत या उत्तराचा आम्ही वेगळा सराव केला होता: काय माहीत नाही ते आधी, काय माहीत आहे ते नंतर, आणि थांबायचं. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. चहाच्या सुट्टीत तेच संशोधक तिच्याशी बोलत उभे होते, असं तिनं सांगितलं.

निबंध तिनं दुसऱ्या जर्नलकडे पाठवला. स्वीकारला गेला नाही. मोठ्या दुरुस्त्या मागितल्या. भाषेबद्दल एका समीक्षकानं एक ओळ लिहिली होती, तीही दोन उपपदांपुरती. दोघांचीही मुख्य तक्रार अशी की सेन्सरची संख्या फार कमी आहे, दुसऱ्या खेपेतले सेन्सर घेऊन वाळूचा प्रयोग पुन्हा करा. म्हणजे दोघांनाही दावा कळला होता, आणि म्हणूनच त्यांना तो पुरेसा पटला नव्हता. अशा नकाराला उत्तर देता येतं.

मागच्या आठवड्यात तिचा ईमेल आला. नव्या खेपेतले दोन सेन्सर तापमान चढल्यावर खाली जातात, बाकीचे वर. तिनं फळ्यावरचं ते वाक्य खोडून नवं लिहून पाठवलं होतं आणि विचारलं होतं, "मॅडम, 'काही भाग सर्किटचा आहे' हे राहील, पण दिशेबद्दल आता काही म्हणता येणार नाही. बरोबर ना?" आलेख जोडायचा राहिला होता. तो तासाभरानं आला.